ब्रेस्ट कॅन्सरमध्ये जायचंय, पण ऑन्कोलॉजी की जेनेटिक्स?

मेडिकलची डिग्री झाली, कॅन्सरमध्येच जायचं, त्यातही ब्रेस्ट, इथपर्यंत बऱ्याच जणांचं पक्कं असतं. गाडी अडते ती पुढे, की ऑन्कोलॉजिस्ट होऊन ट्रीटमेंट द्यायची की कॅन्सर जेनेटिक्सकडे वळायचं. नावं शेजारशेजारची असली तरी दिवस अगदी वेगळा जातो.

ऑन्कोलॉजीत समोरच्या बाईला आजार झालेलाच असतो. बायोप्सी झालीय, ईआर, पीआर, हर-टूचे (गाठ कोणत्या हार्मोनवर किंवा प्रोटीनवर वाढते ते सांगणारे) रिपोर्ट हातात आहेत, आता केमो आधी की ऑपरेशन आधी यावर ट्यूमर बोर्डात सर्जन, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट सगळे वाद घालतात आणि त्यातून प्लॅन निघतो. केलेल्या कामाचं फळ डोळ्यासमोर दिसतं, केमोच्या दोनतीन सायकलनंतर गाठ बारीक झालेली चक्क हाताला कळते. हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे एकेकाळी वाईट बातमी होती, १९९८ साली ट्रास्टुझुमॅब हे त्यावरचं औषध आलं आणि चित्रच पालटलं, असे बदल या फील्डमध्ये होत राहतात. पण केमोनंतर ताप आला की पांढऱ्या पेशी किती उतरल्यात ते लगेच बघावं लागतं, मग रात्र असो की सुट्टी. आणि आजार पसरलेल्या ज्या पेशंटला तुम्ही कित्येक वर्षं ओळखता तिच्यासाठी एक दिवस औषधं संपतात. हे ज्याला झेपत नाही त्याने आत्ताच विचार करावा, नंतर सवय होते म्हणतात ते अर्धंच खरं आहे.

जेनेटिक्समध्ये समोरची व्यक्ती बऱ्याचदा ठणठणीत असते. सुरुवातीचा बराच वेळ फॅमिली ट्री काढण्यातच जातो, बाईला गोल, पुरुषाला चौकोन, कॅन्सर झाला असेल तर आत काळं भरायचं, वारलेल्यावर तिरकी रेघ. लोक आईकडचं भराभरा सांगतात, वडिलांकडचं विचारलं की ‘तिकडून कसं येईल?’ म्हणतात, प्रत्यक्षात ब्रेस्ट कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए जीनमधला दोष वडिलांकडूनही मुलांमध्ये तितकाच उतरतो, प्रत्येकाला ५० टक्के शक्यता. मग टेस्ट. बीआरसीए१मध्ये दोष निघाला तर ८० वर्षांपर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७० टक्के, हे धडधाकट बाईला सांगायचं आणि एमआरआयवर लक्ष ठेवायचं की स्तन आधीच काढून टाकायचे हे तिला ठरवू द्यायचं. त्याहून अवघड रिपोर्ट म्हणजे व्हीयूएस, जीनमध्ये बदल सापडलाय पण तो घातक आहे का ते अजून कळलेलं नाही. पेशंट विचारते ‘म्हणजे आहे की नाही?’ आणि तुमचं उत्तर असतं की आत्ता सांगता येत नाही, आणि एवढ्यावरून ऑपरेशन करायचं नाही. शिवाय बहिणीशी बोलणं बंद आहे, तिला कळवायचं कोणी, हेही तुमच्याच टेबलावर येतं.

रात्रीची धावपळ इथे जवळपास नाही, रिसर्चला वाव भरपूर. मात्र ब्रेस्ट कॅन्सरपैकी आनुवंशिक साधारण ५ ते १० टक्केच, त्यामुळे फक्त यावर चालणाऱ्या जागा मोजक्या आणि बहुतेक मोठ्या सेंटरमध्ये. शिवाय तुमच्यामुळे कोणाचा कॅन्सर टळला हे कधीच छातीठोक सांगता येत नाही, कौतुकाची भूक असेल तर उपाशी राहाल.

जेनेटिसिस्ट मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये बीआरसीए१ हा जीन १७व्या क्रोमोसोमवर असल्याचं दाखवलं तेव्हा तो शुद्ध जेनेटिक्सचा विषय होता. आता तसं राहिलं नाही, बीआरसीए पॉझिटिव्ह पेशंटला ओलापॅरिब हे औषध देता येतं, सर्जनसुद्धा किती काढायचं ते ठरवायच्या आधी हा रिपोर्ट मागतो. म्हणून माझं मत, आधी ऑन्कोलॉजी पूर्ण करा आणि वर जेनेटिक्सची फेलोशिप करा, उलटा रस्ता धरला तर रेसिडेन्सी नव्याने करावी लागते. ज्यांना केमोचा वॉर्ड नकोच आहे आणि आकडेमोडीत, लॅबमध्ये जीव रमतो त्यांनी मात्र सरळ जेनेटिक्सला जावं, फक्त अर्ज भरायच्या आधी रिझल्ट सांगायच्या दिवशी एकदा त्या क्लिनिकमध्ये बसून बघा.