लिनक्स ड्रायव्हरमधून बायनरी डेटा बाहेर द्यायचा: आयऑक्टल, रीड, नेटलिंक, सिसएफएस की एममॅप?

ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) चालू लागला, आता डेटा यूजर प्रोग्रामपर्यंत पोचवायचा आहे. हा निर्णय सावकाश घ्या. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतला कोड कधीही नव्याने लिहिता येतो, पण बाहेर एकदा दाखवलेली रचना वर्षानुवर्षं सांभाळावी लागते, कारण चालणारे यूजर प्रोग्राम मोडायचे नाहीत हा लिनक्सचा कडक नियम आहे. म्हणून वेगाच्या आधी दोन प्रश्न: डेटाची रचना पुढे वाढणार आहे का? आणि वाचणारे किती?

एकच प्रोग्राम, एकच डिव्हाइस आणि सेन्सरच्या रीडिंगचा संथ प्रवाह असेल, तर कॅरेक्टर डिव्हाइस करा, म्हणजे प्रोग्रामला फाइलसारखं उघडून वाचता येणारं डिव्हाइस. डेटा रीडने, म्हणजे फाइल वाचण्याच्या नेहमीच्या कॉलने द्या, सेटिंगसाठी दोन-तीन आयऑक्टल (डिव्हाइसला कमांड पाठवणारे कॉल) ठेवा. नवा डेटा येईपर्यंत वाट पाहू देणारा पोलही सहज जोडता येतो. बहुतेकांना एवढं पुरतं, आणि माझा कौल यालाच आहे.

आयऑक्टल 1979 च्या युनिक्सपासूनचं आहे. त्याची खरी डोकेदुखी स्ट्रक्टमध्ये, म्हणजे अनेक फील्ड एकत्र बांधणाऱ्या सी भाषेतल्या रचनेत असते. समजा, आधी यू32 (32 बिटचा पूर्णांक) आयडी आणि मग यू64 (64 बिटचा) वेळ, अशी दोनच फील्ड आहेत. 32 बिट एक्स86 वर हा स्ट्रक्ट 12 बाइटचा होतो आणि 64 बिटवर 16 चा, कारण मध्ये कंपायलर चार बाइट मोकळे सोडतो. स्ट्रक्टचा आकार आयऑक्टलच्या कमांड नंबरातच कोरलेला असतो. त्यामुळे 64 बिट कर्नलवर 32 बिट प्रोग्रामचा नंबरच जुळत नाही आणि हातात ईएनओटीटीवाय (अशी कमांड इथे नाही, असं सांगणारा एरर) पडतं. शिवाय त्या मोकळ्या बाइटमधून कर्नलच्या स्टॅकवरचा जुना मजकूर बाहेर जाऊ शकतो. उपाय सोपा आहे: मोकळी जागा स्वतः यू32 फील्ड म्हणून लिहा, स्ट्रक्ट आधी शून्याने भरा, लाँग आणि पॉइंटर टाळून यू64 वापरा. पुढच्यासाठी राखलेली फील्ड शून्य नसतील तर ईआयएनव्हीएएल (चुकीची किंमत दिली, असं सांगणारा एरर) परत करा. आज तपासलं नाही, तर उद्या ती फील्ड वापरता येणार नाहीत, कारण कुणीतरी त्यात कचरा पाठवत असणारच.

रचना वाढणार हे नक्की असेल, किंवा एकच घटना अनेक प्रोग्रामना कळवायची असेल, तर नेटलिंक घ्या, म्हणजे कर्नल आणि प्रोग्राम यांच्यात संदेश पोचवणारं सॉकेट. प्रत्येक माहिती लांबी आणि प्रकार सांगणाऱ्या चार बाइटच्या हेडरसह जाते, त्यामुळे अनोळखी माहिती जुना प्रोग्राम ओलांडून पुढे जातो. नेटवर्कच्या ‘आयपी’ आणि वाय-फायच्या ‘आयडब्ल्यू’ या कमांड यावरच चालतात. कोड मात्र जास्त लिहावा लागतो. आणि वाचणारा मागे पडला, त्याची रांग भरली, की मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवलेले) संदेश गळतात. प्रोग्रामला ईएनओबीयूएफएस (बफर भरला, असं सांगणारा एरर) मिळतं आणि सगळी स्थिती पुन्हा मागवावी लागते. एकही नोंद हरवून चालणार नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

सिसएफएस म्हणजे कर्नलमधली माहिती फाइलच्या रूपात दाखवणारी फाइलसिस्टम. तिच्या बायनरी फाइलचा मोह आवरा. कर्नल जो डेटा न उलगडता जसाच्या तसा पुढे देतो, फक्त त्यासाठी ती आहे: मॉनिटरचा ईडीआयडी (मॉनिटर स्वतःबद्दल देतो ती माहिती), पीसीआय कार्डाचं कॉन्फिग, ईईप्रॉम या मेमरी चिपमधला मजकूर. स्वतःचा स्ट्रक्ट तिथे ठेवलात, तर कर्नलचा तो भाग सांभाळणारे मेंटेनर तो परत पाठवतील, आणि ते योग्यच आहे.

एममॅप, म्हणजे ड्रायव्हरची मेमरी थेट प्रोग्रामला दाखवणं, कधी? कॉपीचा खर्च मोजून दिसला तर. फुल एचडीची एक वाययूवायव्ही (दर पिक्सेलला दोन बाइट लागणाऱ्या प्रकारची) फ्रेम 41,47,200 बाइटची असते. सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे सुमारे 124 एमबी. कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमध्ये म्हणूनच बफर थेट मॅप करतात. पण सामायिक मेमरीतली किंमत तुम्ही तपासल्यानंतरही प्रोग्राम ती बदलू शकतो. ती एकदाच वाचून स्वतःकडे उतरवून घ्या, मग तपासा, आणि वापरताना ती उतरवलेली प्रतच वापरा. रिंग बफर (शेवटी पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून भरला जाणारा बफर) असेल तर मेमरी बॅरिअरही, म्हणजे वाचन-लेखनाचा क्रम पक्का करणाऱ्या सूचनाही, नीट हवेत.

निवड कोणतीही करा, स्ट्रक्ट जाहीर करणारी हेडर फाइल पक्की करण्याआधी ‘पाहोल’ हे टूल चालवून स्ट्रक्टमधली भोकं (मोकळे बाइट) बघा, आणि चाचणीचा प्रोग्राम 32 बिटसाठी कंपाइल करून 64 बिट कर्नलवर एकदा चालवा.