वाशीच्या खात्यात भरलेली जर्मनीची फी

मी ठाण्यात नौपाड्याला राहते आणि गेली बावीस वर्षं एका सहकारी बँकेत नोकरी करते. काउंटरवर बसून रोज चार जणांना तरी सांगते, पैसे पाठवण्याआधी खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढचं वाचताना तुम्हालाही तोच प्रश्न पडेल, जो माझ्या भावाने आणि नंतर पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी विचारला : "मॅडम, तुम्ही बँकेत आहात ना?"

लेक बायोमेडिकल इंजिनियर झाली. शेवटच्या वर्षी तिने दंडाच्या स्नायूंचे सिग्नल वाचून मूठ उघडणारा-मिटणारा कृत्रिम हात केला होता. आमच्या डायनिंग टेबलावर तो हात महिनाभर पडून होता, पाहुणे दचकायचे. त्यातच पुढे शिकायचं तिने ठरवलं, बायोइंजिनियरिंगमध्ये मास्टर्स, आणि तेही जर्मनीत. अमेरिकेच्या फीचा आकडा ऐकून ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फीच नसते, म्हटल्यावर तो परत उचलला.

लेक म्हणत होती, "आई, मी स्वतः भरते ना अर्ज." मीच म्हटलं, नको, एखादं कागदपत्र राहिलं तर वर्ष जाईल. ओळखीतून वाशीच्या एका कन्सल्टंटचं नाव कळलं. जानेवारी 2025 मध्ये एका शनिवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून आम्ही दोघी गेलो. वाशी स्टेशनजवळच ऑफिस. काचेचं दार, भिंतीवर युरोपचा नकाशा, आणि तिशीतला, छान मराठी बोलणारा मुलगा. पहिल्या पाच मिनिटांत मी "मॅडम"ची "काकू" झाले.

त्याने त्या दिवशी जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं. भारतीय विद्यार्थ्यांना 1 नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीच्या व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून खरी असल्याचा दाखला लागतो, त्याची फी 18,000 रुपये : खरं. अनेक विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात, पहिल्या अर्जाला 75 युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30 : खरं. आपल्या गुणांचं जर्मन श्रेणीत रूपांतर कसं करतात तेही त्याने पॅडवर मांडून दाखवलं. कमाल गुणांतून आपले वजा, त्याला कमाल वजा उत्तीर्णने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. लेकीचे दहापैकी 7.6, उत्तीर्ण 4, म्हणजे 2.4 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1. आले 2.2. त्यांच्याकडे 1 सर्वांत चांगला, त्यामुळे 2.2 बरा. घरी येऊन लेकीने रात्री एकेक गोष्ट तपासली आणि म्हणाली, "आई, माणसाला माहिती आहे." त्या रात्री मी निर्धास्त झोपले. भामटा म्हणजे थापा मारणारा, अशी माझी समजूत होती. हा तर लेकीच्या प्रोफेसरांपेक्षा जास्त बरोबर बोलत होता.

त्याची स्वतःची फी ठरली 65,000. एपीएसचं काम त्याने चोख केलं, प्रमाणपत्र आलं, आजही ते खरंच आहे. मग एप्रिलमध्ये म्हणाला, अर्ज आमच्या ऑफिसच्या मेलवरूनच भरतो, म्हणजे एकही तारीख चुकत नाही. लेकीला पासवर्ड दिला नाही. तिने दोनदा मागितला. "काकू, मुलं घाईत काहीतरी बदलून बसतात," असं त्याने मला सांगितलं आणि मी लेकीलाच गप्प केलं. अख्ख्या प्रकरणातलं हे मला सर्वांत जास्त सलतं. पैशांपेक्षाही.

जूनच्या मध्याला प्रवेशपत्र आलं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठाचं, एम.एस्सी. बायोइंजिनियरिंग. जाड कागद, निळ्या शाईची सही, गोल शिक्का. आपल्याकडे गोल शिक्का दिसला की माणूस पुढचं वाचत नाही. मी देवापुढे ठेवलं. त्यांच्याकडची कितीतरी अधिकृत पत्रं संगणकावर तयार होतात, सहीशिवायच चालतात आणि अर्जदाराच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये येतात, हे मला नंतर कळलं. म्हणजे जो शिक्का बघून मी पेढे आणले, त्याच शिक्क्यावरून शंका यायला हवी होती.

पत्रासोबत मागणी आली : दोन सत्रांची फी आगाऊ, 3,000 युरो. मी विचारलं, फी नसते ना? तो हसला. म्हणाला, हे एक राज्य अपवाद आहे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात, 2017 पासून. लेकीने तिथेच मोबाइलवर शोधलं. हेही खरं निघालं! आता कोण शंका घेणार?

पैसे भरायचे होते वाशीतल्या एका ट्रेडिंग कंपनीच्या चालू खात्यात. "काकू, परदेशी पाठवलं की टीसीएस कापतात. आम्ही सगळ्या मुलांचे एकत्र पाठवतो." टीसीएस म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर. शिक्षणासाठी परदेशी पाठवलेल्या रकमेवर वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही. त्याच एप्रिलपासून मर्यादा 7 वरून 10 लाख झाली, त्याचं परिपत्रक माझ्याच टेबलावर पडलं होतं. तरी मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी माझ्याच शाखेत, माझ्याच हाताने आरटीजीएसचा फॉर्म भरला, 2 लाख 94 हजार. लाभार्थीच्या नावात "एक्झिम" असा शब्द होता. सहकारी मैत्रिणीने विचारलंही, "कसले गं?" मी म्हटलं, "जर्मनीचे."

जुलैअखेरीस तो ब्लॉक्ड खात्याचं बोलायला लागला. व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधी जमा दाखवावे लागतात, त्यातून दरमहा 992 काढता येतात. हे खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं असतं. त्याने व्हॉट्सअॅपवर खाते क्रमांक पाठवला. तीच एक्झिम कंपनी. बारा लाखांच्या आसपासची रक्कम, आणि तेच नाव. तेव्हा कुठे माझ्यातली बँकवाली जागी झाली.

लेकीने त्याला न सांगता थेट विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला पत्राचा फोटो मेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं, चार ओळींचं. हा अर्ज क्रमांक आमचा नाही. तुमच्या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही. तो अभ्यासक्रम जर्मन भाषेत चालतो. आमची लेक जर्मनमध्ये ए-टूपर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या दोन पायऱ्या शिकलेली, तिला तिथला पहिला तासही कळला नसता. विद्यापीठाच्या पानावर भाषेचा रकाना असतो, तो आम्ही कधी उघडलाच नव्हता, कारण पत्र आलंय म्हटल्यावर पान कोण बघतं? मग युनि-असिस्टलाही विचारलं. त्यांच्याकडेही काही नाही. त्याने एकही अर्ज भरलेला नव्हता, आणि लेकीच्या यादीतल्या बहुतेक ठिकाणची 15 जुलैची मुदत तोवर गेली होती.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण पैसे जाऊन सहा आठवडे झाले होते, खात्यात काही शिल्लक नव्हतं. पहिल्या दिवशी केला असता तर गोठवायला काहीतरी सापडलं असतं. पोलीस ठाण्यात आधी हद्दीवरून घोळ झाला. आता गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे लेकीने कलमासकट सांगितलं तेव्हा तक्रार घेतली. साहेबांनी करारपत्र वाचून दाखवलं : "समुपदेशन शुल्क परत मिळणार नाही." खाली माझी सही.

पोलिसांनी त्याला बोलावल्यावर त्याने रडत-भेकत दीड लाखाचा चेक दिला. "काकू, मीही फसलोय, वरचा माणूस पळाला." असेलही. चेक वटला नाही.

लेक आता पुढच्या सत्राचे अर्ज स्वतः भरते आहे. मेल तिचा, पासवर्ड तिचा, आणि तो कृत्रिम हात परत टेबलावर आलाय, पोर्टफोलिओसाठी फोटो काढायचे म्हणून. माझं एक काम मात्र मला नीट येतं. चेक परत आल्याचं बँकेने कळवलं की तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. मी नवव्या दिवशी पाठवली, रजिस्टर्ड, पोचपावतीसह. ती पोचपावती अजून आलेली नाही.