सेकंड-हँड होंडा अ‍ॅकॉर्ड २.४ ऑटोमॅटिक : वर्षभर वापरल्यानंतर

जुनी अ‍ॅकॉर्ड तीन लाखांत मिळते म्हटलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो : ‘गिअरबॉक्स गेला तर?’ वर्ष उलटून गेलंय, पुण्याचं ट्रॅफिक, एक अख्खा पावसाळा आणि कोल्हापूरच्या बऱ्याच फेऱ्या झाल्यात. आता माझं उत्तर असं, की गिअरबॉक्सला वेळेवर तेल दिलं तर तो फारसं काही मागत नाही. पैसे खातं ते रबर.

गाडी २०११ ची, म्हणजे भारतात २००८ साली आलेली आठवी पिढी. २३५४ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद १८० अश्वशक्तीच्या आसपास आणि पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा जुना, साधा प्रकार. नवी होती तेव्हा वीस लाखांच्या घरातली गाडी. आज ती वापरलेल्या हॅचबॅकच्या भावात मिळते, पण तिचे टायर १७ इंचीच राहतात आणि हेडलाइट वीस लाखांच्या गाडीचाच राहतो. हे ज्याला पटत नसेल त्याने सरळ नवी छोटी गाडी घ्यावी, सुखी राहील. याच पैशांत ड्युअल-क्लचवाल्या (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) सेदानही दिसत होत्या. जुन्या गाडीत मला साधा टॉर्क कन्व्हर्टरच हवा होता, कारण त्याची देखभाल गल्लीतल्या चांगल्या मेकॅनिकलाही जमते. शिवाय या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. त्यामुळे जुन्या गाड्यांतला एक मोठा ठरलेला खर्च वाचतो.

घेताना मी एकच अट धरून बसलो होतो : गाडी थंड असताना दाखवा. एजंट लोक तुम्ही यायच्या आधी गाडी फिरवून गरम करून ठेवतात आणि गरम गाडीत निम्म्या खोडी झाकल्या जातात. थंड इंजिन सुरू करायचं, ब्रेकवर पाय ठेवून एन (न्यूट्रल) मधून डी (ड्राइव्ह) मध्ये, मग आर (रिव्हर्स) मध्ये टाकून बघायचं. गिअर पडायला फार उशीर लागला किंवा दणका बसला तर तिथूनच नमस्कार करून निघायचं. मग हलक्या पायाने चालवत पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएमचा काटा उगाच वर उसळतो का ते बघायचं. पन्नास ते सत्तरच्या वेगात एकसारखी चालवताना खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी थरथर आली, तर कन्व्हर्टरच्या लॉक-अपवर, म्हणजे एकसारख्या वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचवर, संशय घ्यायचा. डिपस्टिकवरचं तेल पांढऱ्या टिश्यूवर टेकवायचं. लालसर किंवा तपकिरी असेल तर चालतं, पण काळं आणि जळका वास मारणारं असेल तर नको.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं छोटं यंत्र, मात्र जवळ हवाच, तो हजार-बाराशेत मिळतो. त्यात फक्त एरर कोड बघून थांबू नका, ‘रेडिनेस मॉनिटर’ नावाचं पान उघडा. गाडीने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्यात ते तिथे दिसतं. आदल्या दिवशी कुणी कोड पुसले असतील किंवा बॅटरी काढली असेल तर तिथे बरेच मॉनिटर अपूर्ण दिसतात. मी बघितलेल्या एका चकचकीत गाडीत जवळजवळ सगळेच अपूर्ण होते. एजंट म्हणाला, ‘साहेब, कालच नवी बॅटरी टाकलीय.’ बॅटरीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

पुराच्या पाण्यात गेलेली गाडी ओळखायची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ बहुतेकदा उरते, गाडी कितीही पॉलिश केली तरी. मी शोधत होतो तेव्हा दिल्लीच्या गाड्या इकडे स्वस्त पडत होत्या, कारण तिथे पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा होती. मी त्या नादी लागलो नाही. एनओसी, इथला रोड टॅक्स, एमएचचं पासिंग हे सगळं धरलं की फरक उरतो थोडा आणि आरटीओच्या फेऱ्या भरपूर. एमएच-१२ चीच, एका हाताची गाडी पाहिली. बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का आणि चलनं किती थकलीत ते तपासलं, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या. विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, हे बऱ्याच जणांना विमा नावावर करतानाच कळतं. आणि या काळातल्या होंडांसाठी टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधल्या इन्फ्लेटरचे (एअरबॅग फुगवणाऱ्या भागाचे) रिकॉल झालेले आहेत. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकला की आपल्या गाडीचं काम बाकी आहे का ते कळतं. बाकी असेल तर ते फुकट करून मिळतं, आणि ते ताबडतोब करून घ्यावं.

आता गिअरबॉक्स. होंडाच्या या ऑटोमॅटिकची रचना वेगळी आहे. इतर ऑटोमॅटिकमध्ये असतात तसे प्लॅनेटरी गिअर यात नाहीत. मॅन्युअल गाडीसारखे समांतर शाफ्ट आहेत आणि तेलाच्या दाबाने चालणारे क्लच गिअर बदलतात. म्हणजे सगळा खेळ तेलाचा. ‘हे तेल आयुष्यभर चालतं, हात लावू नका’ असा सल्ला मला दोन ठिकाणी मिळाला. आयुष्य कुणाचं, हे कुणी सांगितलं नाही.

खाली उघडायचं चेंबर नाही, एक ड्रेन बोल्ट आहे आणि त्याला लोहचुंबक. गिअरबॉक्समध्ये तेल साधारण साडेसहा लिटर, पण बोल्ट काढला की येतं अडीच लिटर. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून एकदा बदलायचं, काही दिवस गाडी चालवायची, परत बदलायचं, असं तीनदा केलं. हिशेब केला तर तीन वेळांनी पाऊण तेल नवं होतं. मशीन लावून दाबाने फ्लश करायला नकार दिला. जुन्या गिअरबॉक्समधला गाळ ढवळून व्हॉल्व्हमध्ये पाठवायची मला हौस नाही. तेल डीडब्ल्यू-१, होंडाने जुन्या झेड-१ च्या जागी आणलेलं. गॅरेजमधल्या ड्रममधलं ‘सगळ्यांना चालणारं’ तेल घालू दिलं नाही. पहिल्या वेळी चुंबकावर बारीक करडी पेस्ट होती, ती असणारच. चमकणारे तुकडे असते तर गोष्ट वेगळी होती. तिन्ही वेळचा मिळून आठेक हजार खर्च आला आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला हलका झटका गेला.

लेव्हल बघायची पद्धतही मेकॅनिकला सांगावी लागली. रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत गाडी गरम करायची, सपाट जागेवर इंजिन बंद करायचं आणि एक ते दीड मिनिटाच्या दरम्यान डिपस्टिक बघायची. थंड गाडीत बघून तेल भरलं की जास्त भरलं जातं.

मग रबर. सिग्नलला डी मध्ये उभं असताना, एसी चालू असेल तर, स्टिअरिंग आणि सीट थरथरायची. एन मध्ये टाकलं की शांत. घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडी न उचलताच निदान केलं : गिअरबॉक्स ओव्हरहॉल, ऐंशी हजार. दुसरीकडे नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून मला ब्रेक दाबून डी आणि आर करायला लावलं, इंजिन कसं उसळतं ते बघितलं आणि म्हणाले, ‘दादा, माउंटिंग बसलंय. गिअरबॉक्सला कशाला शिव्या घालताय?’ माउंटिंग म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यावर टेकतात ते रबराचे ठोकळे. या गाडीच्या काही माउंटिंगमध्ये द्रव भरलेला असतो. काही वर्षांनी रबर चिरतं, द्रव गळून जातो आणि इंजिनाचे हादरे थेट बॉडीत उतरतात. तेरा-चौदा वर्षांच्या रबराकडून आणखी काय अपेक्षा करणार?

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. ही पिढी अमेरिकेत अमाप खपली, त्यामुळे तिथे चांगल्या दर्जाचे सुटे भाग सहज मिळतात. दिवाळीला येताना त्याच्या बॅगेत फराळाचा डबा येत नाही, माउंटिंग येतात, असं मावशी अजून ऐकवते. एक सावधगिरी : तिथली गाडी डाव्या स्टिअरिंगची, तेव्हा पार्ट नंबर जुळवल्याशिवाय काहीही मागवू नका. बाकीचं नाना पेठेत मिळालं, आणि आरशाचं कव्हर कुर्ल्याला, भंगारातल्या गाडीचं.

पुढच्या सस्पेन्शनला डबल विशबोन आहे, मागे मल्टिलिंक. साध्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला धरणारा एक खालचा आर्म असतो, इथे वरचाही आहे. बुश (सांध्यातली रबरं) आणि बॉल जॉइंट तेवढे जास्त, आणि सिंहगड रोडने सगळ्यांची परीक्षा घेतलेली. पुढचे आर्म, लिंक, दोन शॉकअप असं करत चाळीस हजारांच्या घरात गेलो. पण त्यानंतर गाडी खंबाटकीच्या वळणांवर अशी बसून जाते की खर्च विसरायला होतं. घाट उतरताना डी-३ मध्ये (तिसऱ्या गिअरच्या वर न जाणाऱ्या) टाकली की इंजिन वेग धरून ठेवतं, ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागत नाही.

मायलेज विचारूच नका म्हणणार होतो, पण सांगतो. शहरात सात-आठ, हायवेला शंभराच्या आत राहिलात तर बारा. ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल सगळीकडे आल्यापासून त्यातही थोडी घट जाणवते. ई-१० (दहा टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या जुन्या गाड्यांत सहा-सात टक्क्यांची घट नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच धरलेली आहे. मला मायलेजपेक्षा इंधनाच्या जुन्या नळ्यांची चिंता जास्त, म्हणून दर सर्व्हिसला त्या हाताने दाबून बघायला सांगतो. पुन्हा रबरच.

गाडी जवळपास पाच मीटर लांब. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाक पिवळ्या रेघेच्या बाहेर येतं आणि सेक्रेटरी काका दर मीटिंगला त्याचा उल्लेख करतात. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतरही मोठं, त्यामुळे उंच स्पीडब्रेकरला पोट घासतं. तिरकी घ्यायची सवय लागते. मागच्या सीटवर मात्र बाबांचे गुडघे पहिल्यांदाच सुखात आहेत. कोल्हापूरला पोचल्यावर ते आता कंबर धरून उतरत नाहीत.

रोजच्या ऑफिसला मी स्कूटरने जातो. ही एकच गाडी घरात असती तर ती घेतली नसती, कारण एखादा भाग यायला आठवडा लागतोच. नोंदणीची पंधरा वर्षं २०२६ मध्ये संपतात. पुनर्नोंदणीची फी २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली आहे, वर पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी. त्याआधी मागचे बुश आणि टायरचा सेट करायचाय. मिस्त्रींना विचारून ठेवलंय, गणपती झाल्यावर या म्हणालेत.