सुई हलली नाही, तरी फसलो

जहाजावरच्या इंधनाच्या टाकीला वाफ देणारा एक ग्लोब व्हॉल्व्ह 'पास' होत होता. चाक गच्च आवळलं तरी वाफ आत जातच राहायची आणि टाकी नको तेवढी तापायची. मुंबईत मुक्काम दोनच दिवसांचा, इंजिनरूममध्ये कामांचा ढीग. म्हणून व्हॉल्व्ह काढून तिथल्याच दारूखाना भागातल्या एका वर्कशॉपला दिला. सीट, म्हणजे आतली बैठक, आणि तिच्यावर बसून वाट बंद करणारी डिस्क लॅप करून, म्हणजे घासून एकमेकींना घट्ट जुळवून, प्रेशर टेस्ट दाखवून साडेनऊ हजार.

टेस्ट बघायला मी स्वतः गेलो. मालकाने खुर्ची दिली, चहा मागवला. रुपेरी रंग मारलेला व्हॉल्व्ह बेंचवर चढवून पंपाने 10 बार दाबाचं पाणी भरलं. दहा मिनिटं दाबमापकाची सुई हलली नाही. पलीकडे थेंब नाही. मी सही केली.

कांडल्याच्या वाटेवर टाकी पुन्हा तापली.

लाइन बंद करून, पाणी काढून बॉनेट, म्हणजे व्हॉल्व्हचं वरचं झाकण, उघडलं. आमचे रत्नागिरीचे फिटरकाका सीटवर बोट फिरवून म्हणाले, "तीनसाब, रंगाचेच पैसे दिलेत तुम्ही." (तीनसाब म्हणजे थर्ड इंजिनियर, म्हणजे मी.) कडेला काळं पडलेलं ग्रीस होतं, आणि सीटवर वाफेने कापलेली ती जुनीच खाच. लॅपिंगचा दगडसुद्धा तिथे फिरला नव्हता.

थंड पाण्यात ग्रीस खाच बुजवतं. 7 बारची वाफ जवळजवळ 170 अंशांची, तिच्यापुढे ते टिकतं कुठे? त्यात पाणी त्यांनी उलट्या बाजूने भरलं होतं. आमच्या लाइनीत वाफ डिस्कच्या खालून येते, तिला वर ढकलते. वरून दाब दिला की पाणीच डिस्कला सीटवर दाबून धरतं, मग गळणार काय? बॉडीवर दिशेचा बाण होता. मी सुईकडे बघत चहा पीत होतो.

शेवटी आम्हीच आधी जाड, मग बारीक पेस्टने घासलं. डिस्कला लावलेल्या निळ्या रंगाची रेघ सीटभर अखंड उमटेपर्यंत, म्हणजे दोन्ही सगळीकडे टेकेपर्यंत, तीन तास गेले. आता टेस्टआधी बॉनेट माझ्यासमोर उघडायला लावतो, सीट स्वतः फडक्याने पुसतो, निळं बघतो, आणि पंप बाणाच्या दिशेनेच जोडायला सांगतो. कुरकुर करणाऱ्याला काम देत नाही.

कांडल्याहून मालकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, टेस्ट तुमच्यासमोर झाली. सही पण तुमचीच आहे." होतीच.