थंड गाडीचा काटा मधोमध होता, तिथेच मी फसलो

गेल्या मे महिन्यात ३ लाख ४० हजारांना एक जुनी डिझेल पिकअप घेतली. आमची निफाड तालुक्यात टोमॅटोची शेती. दर खेपेला भाड्याच्या गाडीला पैसे मोजण्यापेक्षा स्वतःची गाडी बरी, एवढाच हिशोब होता. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. त्याचं नाव इथे लिहीत नाही, ते जिथे द्यायचं तिथे देतोय. पण त्याने काय काय केलं होतं ते मात्र सगळं सांगतो, कारण अशा गाड्या आजही कुणाच्या तरी दारात येत असतील.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. गाडी सुरूच होती. "आत्ताच एका पार्टीला चक्कर मारून आणली," असं तो म्हणाला. बोनेटला हात लावला तर चटका बसला, पण मे महिन्याचं ऊन, त्यामुळे काही वावगं वाटलं नाही. बंद करून पुन्हा चावी फिरवली तर पहिल्या सेल्फला सुरू. हायवेवर रिकामी गाडी चार-पाच किलोमीटर पळवली. टेंपरेचरचा काटा मधोमध, जरासुद्धा हलला नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, इंजिन एकदम कडक आहे." तिथेच विसार दिला. चार दिवसांनी स्टँपपेपरवर सही केली, त्यात "गाडी जशी आहे तशी घेतली" असं वाक्य होतं. तेही मी वाचलं होतं.

दोन महिने गावातल्या गावात, खताच्या गोण्या आणणं, चारा आणणं, असंच चाललं. रेडिएटरमध्ये आठवड्याला लिटरभर पाणी कमी व्हायचं. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, जुनी गाडी थोडं पाणी पितेच. हे वाक्य कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. कूलिंगची यंत्रणा बंदिस्त असते. पाणी कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी जातंय, आणि खाली जमिनीवर थेंब दिसत नसेल तर ते बहुधा इंजिनाच्या आत जातंय.

सप्टेंबरात पिंपळगावहून वाशीच्या खेपा सुरू झाल्या. जाताना उतार, त्यामुळे काही कळलं नाही. येताना भिवंडीचा माल भरला होता. कसारा घाट चढताना वरच्या वळणावर बोनेटमधून वाफ यायला लागली. काटा तेव्हाही मधोमध. गाडी भाऊ चालवत होता. काटा बरोबर दाखवतोय म्हटल्यावर त्याला वाटलं पाइप फुटला असेल. दहा मिनिटं थांबून त्याने ओलं गोणपाट धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी मनगटापासून कोपरापर्यंत उडालं. इगतपुरीला दवाखान्यात नेलं, पुढे तीन आठवडे पट्टी होती. गाडीचे पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या हाताचा राग माझ्या मनातून जात नाही. झाकण घट्ट असेपर्यंत आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, दाब सुटला की एकदम उसळतं. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत, तास लागो की दोन, त्या झाकणाला हात लावू नका.

त्यानंतर माझी चूक झाली. व्यापाऱ्याने सांगितलेल्या मिस्त्रीकडेच गाडी नेली. त्याने रेडिएटर बदलायला लावला, मग वॉटर पंप. डिसेंबरात थंडी पडली आणि सकाळी गाडी सुरूच होईना. आमच्याकडे थंडीत पारा सहा-सात अंशांवर येतो. मिस्त्री म्हणाला बॅटरी गेली. नवी घातली. मग सेल्फ खोलला. मग थंडीत सिलिंडर तापवणारे चारही हीटर प्लग बदलले. एकूण २५ हजारांच्या वर गेले आणि रोज सकाळी धक्का मारायला चार माणसं लागायची ती लागतच राहिली. हीटिंगचा आजार वेगळा आणि स्टार्टिंगचा वेगळा, असं तो मला सांगत राहिला आणि मी मानत राहिलो.

जानेवारीत पिंपळगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी ओढून नेली. त्यांनी सेल्फ मारूच दिला नाही. म्हणाले, "भाऊ, सिलिंडरात पाणी असेल तर पिस्टनचा रॉड वाकेल. धक्का तर मुळीच मारू नका." मग त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. बोटाला पिवळा चिखल लागला. मी वास घेतला, हळद होती. बारीक गळती दाबायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची ही ड्रायव्हर लोकांची जुनी रीत आहे, वाटेत अडलेल्या माणसाने केली तर समजू शकतो. नवा रेडिएटर घालताना हा चिखल त्या पहिल्या मिस्त्रीला दिसला नसेल हे शक्य नाही. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये उरलेली हळद नव्या रेडिएटरमध्ये उतरली होती.

मग थर्मोस्टॅटचं घर खोललं. आत थर्मोस्टॅटच नव्हता. ही झडप साधारण ८२ अंशांना उघडते, तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की पाणी सतत फिरतं, आणि रिकामी गाडी सपाट रस्त्यावर गारच राहते. म्हणजे माझी ती चार-पाच किलोमीटरची चक्कर. काट्याची गोष्ट याहून वाईट. सेन्सरकडे जाणारी वायर कापून, मध्ये एक छोटा रेझिस्टन्स जोडून ती बॉडीला लावली होती. इंजिन बर्फासारखं असो की उकळत असो, काटा मधोमधच. रोज पहाटे थंड गाडीची चावी फिरवली की काटा लगेच मध्यावर यायचा आणि मी तो रोज बघत होतो. थंड इंजिनाचा काटा तळाशी असायला हवा, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढल्यावर उरलेलं कळलं. तिसऱ्या सिलिंडरापाशी हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली सांधा बंद करणारी पट्टी, जळालं होतं आणि हेड वाकलं होतं. चढावर कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरातल्या दाबाचा, वायू पाण्यात घुसायचा म्हणून हीटिंग. रात्री पाणी सिलिंडरात झिरपायचं आणि कॉम्प्रेशन गळायचं म्हणून स्टार्टिंग नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेली हवा तापते तेव्हाच डिझेल पेटतं. दाबच गळत असेल तर बॅटरी कितीही नवी घाला. आजार पहिल्या दिवसापासून एकच होता. हेड घासून सपाट करून, गॅस्केट, थर्मोस्टॅट, वायरिंग धरून ३८ हजार लागले.

जुनी पिकअप बघायला जाणार असाल तर पहाटे जा, न सांगता जा, आणि आधी बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर परत या. गार असेल तर रेडिएटरचं झाकण काढून मग गाडी सुरू करायला लावा आणि पाण्याकडे बघा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडा, पण ते थांबतच नसतील तर गॅस्केटमध्ये दोष समजा. झाकण परत लावून वरच्या मोठ्या पाइपवर हात ठेवा. काही मिनिटं तो गार राहून मग पटकन गरम झाला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत असेल तर थर्मोस्टॅट काढलेला तरी आहे, नाहीतर उघडाच अडकलेला आहे. आणि माल भरून एक चढ चढल्याशिवाय विसार देऊ नका. व्यापारी नाही म्हणाला तर त्याचं कारण त्यालाच ठाऊक आहे.

व्यापारी आता त्या स्टँपपेपरवर बोट ठेवतो. पण दोष ठाऊक नसणं वेगळं आणि वायर कापून तो लपवणं वेगळं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावून मी माहिती घेतली. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. कापलेली वायर, तो रेझिस्टन्स, जळालेलं गॅस्केट आणि भावाच्या दवाखान्याची बिलं एका पिशवीत बांधून ठेवली आहेत. म्हाताऱ्या मिस्त्रींनी काय काय सापडलं ते लिहून सही करून दिलंय. पुढच्या आठवड्यात तक्रार दाखल करतोय.