मिड-अँकल वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज: पावसाळा, हिवाळा आणि आता उन्हाळ्याच्या तोंडावर

जूनमध्ये घेतले होते, आता मार्च संपत आलाय. मधल्या काळात राजगड-तोरणा, कळसूबाई, साल्हेर-सालोटा आणि रतनगड ते हरिश्चंद्रगड कात्राबाईच्या खिंडीतून, एवढं फिरणं यांच्यावरच झालं, बहुतेक वेळा पाठीवर मुक्कामाची सॅक. ब्रँडचं नाव लिहित नाही कारण मॉडेल सारखी बदलतात, आणि सह्याद्रीत चालायचं असेल तर नावापेक्षा सोलचं रबर बघा हे माझं आता पक्कं मत आहे.

आपला सगळा डोंगर लाव्हाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले, त्यातला टणक थर उभा कडा होऊन राहिला आणि ठिसूळ थर झिजून उतार झाला, म्हणून एकाच चढाईत आधी कातळ, मग घसारा म्हणजे सुट्या माती-मुरमाचा घसरता उतार, परत कातळ असं येत राहतं, आणि या दोन्हींना लागणारा सोल वेगळा असतो हीच खरी गोची आहे. कातळाला मऊ रबर लागतं जे दगडाला चिकटून बसतं, घसाऱ्याला खोल दात लागतात जे मुरमात रुततात. या शूजचं रबर मऊ आहे. कोरड्या कातळावर, हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरचा तोलार खिंडीच्या वरचा रेलिंगवाला टप्पा असो की रतनगडाच्या त्र्यंबक दरवाज्याच्या खोदीव पायऱ्या, पाय जिथे ठेवला तिथेच राहिला, एकदाही शंका आली नाही. घसाऱ्यावर मात्र ठीकठाक, विशेषतः डिसेंबरनंतर माती सुटी झाली की तोरण्याच्या बुधला माचीकडच्या उतारांवर टाच जोरात रोवूनच उतरावं लागतं. आणि ओल्या शेवाळावर कुठलाच सोल चालत नाही हो, दुकानदार काहीही सांगू दे, तिथे गवताच्या कडेने नाहीतर खडबडीत दगडावरूनच जायचं.

आता वॉटरप्रूफचं. जुलै-ऑगस्टमध्ये याचा उपयोग शून्य, उलट त्रासच. पाऊस वरून येतो, पँटवरून ओघळत कॉलरमधून आत जातो, ओढा ओलांडला की शूज भरतात, आणि मग तेच मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा आतला पातळ थर, पाणी बाहेर जाऊ देत नाही, दिवसभर पाय पाण्यात, रात्री गुहेत किंवा गावातल्या घरी मुक्कामाला वाळत घालून सकाळी तसेच ओले. तळपाय पांढरे पडून सोलवटायला लागतात. पावसाळ्यासाठी जाळीचे, पाणी निथळून जाईल असे हलके शूजच बरे, पण सोल असाच मऊ बघून घ्या. हिवाळ्यात मात्र हेच शूज फार आवडले, पहाटे दवाने भिजलेल्या गवतातून चालायचं असतं तेव्हा पाय एकदम कोरडे राहिले.

टिकाऊपणा म्हणाल तर मऊ रबराची किंमत मोजावी लागतेच. टाचेकडचे दात निम्म्याच्या आसपास गेलेत, बेसॉल्ट खडबडीत आहे आणि पायथ्याच्या गावापर्यंतची डांबरी सडक तर अजूनच खाते, त्यामुळे तेवढ्या चालीसाठी आता सॅकला साध्या चपला लटकवतो. पावसाळ्यानंतर पुढच्या टोकाचा गोंद सुटला होता, गावातल्या मोचीकडून कडेने शिवून घेतला, तेव्हापासून घट्ट आहे.

घोट्याच्या उंचीबद्दल मला बरेच जण विचारतात. मोठी सॅक असेल तर आधार जाणवतो, एकदिवसीय ट्रेकला घोट्याच्या खाली संपणारे लो-कट पुरे.

घेताना संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात, जे सॉक्स ट्रेकला घालता तेच घालून बघा आणि दुकानात जिना असेल तर उतरून बघा. अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा घ्या, कारण हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला उतरताना तो अंगठा शेकडो वेळा टेकणार आहे आणि नख काळं पडणारच.