एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी की एमआरआय: कोणत्या प्रश्नासाठी कोणती तपासणी?

डॉक्टरांनी तपासणी सुचवली की सगळ्यांत आधुनिक यंत्रावरच ती करून घ्यावी, म्हणजे शंकेला जागा उरणार नाही, असे अनेकांना वाटते. हे वाटणे स्वाभाविक असले तरी त्यातून निवड चुकते, कारण या चार तपासण्या एकाच शिडीच्या चढत्या पायऱ्या नाहीत. प्रत्येकीला शरीरातले वेगळे काही दिसते आणि प्रत्येकीच्या नजरेतून वेगळे काही सुटते. म्हणून आधी ठरवायचे ते एवढेच, की डॉक्टरांना नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेले क्ष-किरण आजही हाडे आणि छातीच्या पहिल्या तपासणीसाठी पुरेसे ठरतात. छातीच्या एका एक्स-रेमधून सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचे माप) किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतो, त्यामुळे या तपासणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र मनगटातील स्कॅफॉइड या छोट्या हाडाला गेलेली बारीक चीर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल, तर ‘एक्स-रे नॉर्मल’ या शब्दांवर न थांबता मनगट स्थिर ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा लगेच एमआरआय (शक्तिशाली चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढणारी तपासणी) करतात.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, म्हणून गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी बहुधा तिचाच विचार आधी होतो. पित्ताशयातील खडे शोधण्यात तर ती सीटीपेक्षा (क्ष-किरणांनी शरीराच्या आडव्या थरांची चित्रे काढणारी तपासणी) सरस ठरते, कारण कोलेस्टेरॉलच्या अनेक खड्यांची घनता पित्तासारखीच असते आणि ते सीटीच्या चित्रात वेगळे उठून दिसत नाहीत. मूत्रमार्गातील खड्यांचे नेमके उलटे आहे. तिथे कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावे म्हणून शरीरात सोडायचे द्रव्य) न देता केलेला सीटी जवळजवळ प्रत्येक खडा दाखवतो, तर मूत्रवाहिनीत अडकलेला लहान खडा सोनोग्राफीतून निसटू शकतो. शिवाय आतड्यातील वायू आणि हाड ध्वनिलहरींना अडवतात आणि तपासणाऱ्याच्या कौशल्यावरही बरेच अवलंबून असते.

खरी द्विधा असते ती सीटी आणि एमआरआय यांच्यात. सीटीचे चित्रण काही सेकंदांत उरकते. एमआरआयला साधारण वीस मिनिटे ते पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ अरुंद नळीत, मोठ्या आवाजात, स्थिर पडून राहावे लागते. अपघातातील रुग्णाला एवढा वेळ देता येत नाही. पोटात रक्तस्राव होत आहे का, हे तत्काळ कळण्यासाठी सीटीच हवा. पक्षाघाताच्या रुग्णात हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, हे सीटी काही मिनिटांत सांगतो आणि ते कळल्याशिवाय गुठळी विरघळवणारे औषध देता येत नाही. हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. उलट, रक्तपुरवठा तुटल्यामुळे झालेली इजा सुरुवातीच्या तासांत सीटीवर दिसेलच असे नाही. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रणात ती लवकर उमटते. म्हणून अशा वेळी आधी सीटी केला, तर कमी दर्जाची तपासणी झाली असे नातेवाइकांनी समजू नये.

गुडघ्यातील लिगामेंट, मज्जारज्जू, मेंदूतील लहान गाठी यांसाठी मात्र एमआरआयला तोड नाही आणि त्यात किरणोत्सर्गही नाही. पोटाच्या एका सीटीत सुमारे ८ ते १० मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, त्यामुळे तरुण रुग्णात वारंवार सीटी करण्यापूर्वी विचार व्हायला हवा. पेसमेकर, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट किंवा डोळ्यात कधी गेलेला धातूचा कण यांची माहिती एमआरआयपूर्वी सांगणे अत्यावश्यक आहे. सीटीसाठी आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट द्यायचे असेल, तर मूत्रपिंडाचे विकार आणि पूर्वीची ॲलर्जी आधी सांगावी.

एमआरआयचे बारकाईने पाहणे कधी रुग्णाच्या विरोधातही जाते, आणि ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाठ मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या चित्रणांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मणक्यांमधील चकत्यांची झीज विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत आढळली. मग पाठदुखीच्या रुग्णाच्या अहवालात झीज लिहिलेली असली, तरी दुखण्याचे कारण तीच आहे असे ठरत नाही. पायातील ताकद कमी होणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा पूर्वीचा कर्करोग अशी लक्षणे असतील तर एमआरआय तातडीने करावा. एरवी पहिल्या काही आठवड्यांत त्याने उपचार सहसा बदलत नाहीत.

रक्ततपासण्यांनाही हेच लागू पडते. समजा, एखादा आजार शंभरांत एकाला आहे आणि तपासणी आजारी व निरोगी अशा दोन्ही गटांत ९० टक्के अचूक आहे. हजार जणांना तपासले तर दहा आजाऱ्यांपैकी नऊ सापडतील, पण ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांचा अहवालही पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १०८ जणांत खरे आजारी फक्त नऊ. लक्षणे नसताना केलेल्या तपासण्यांच्या संचातून अशीच अनावश्यक काळजी निर्माण होते. डी-डायमर या, रक्ताची गुठळी विरघळताना तयार होणारा घटक मोजणाऱ्या रक्ततपासणीचा उपयोगही याच हिशेबाने होतो: फुप्फुसात गुठळी असण्याची शक्यता मुळात कमी असताना ही तपासणी निगेटिव्ह आली तर सीटी टाळता येतो, पण नुसत्या पॉझिटिव्ह अहवालावरून गुठळी सिद्ध होत नाही.

तपासणीला जाण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: हिच्यातून काय शोधायचे आहे, आणि अहवाल तसा आला किंवा नाही आला, तर उपचारांत काय बदल होईल. जुन्या फिल्म आणि अहवाल सोबत न्यावेत, कारण फुप्फुसातील एखादी लहान गाठ दोन वर्षांपूर्वीच्या सीटीतही तेवढीच होती हे दिसले, तर पुढच्या कित्येक तपासण्या टळू शकतात.